छाती न उघडता हृदयातला डाग कसा शोधतात?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे. दोन-चार ठिकाणी पुनरुक्ती होती ती काढली.)



मला कार्यकारिणीनं सांगितलं होतं की 'निवृत्तीनंतरचं आर्थिक नियोजन' यावर बोला. बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यामुळे तो विषय माझ्या माथी येणार हे ठरलेलंच. पण एफडीच्या व्याजदरावर बोलायला आता मलाच उत्साह राहिलेला नाही. म्हणून मी विषय बदलून मागितला. मी डॉक्टर नाही. मी गणित घेऊन बी.एस्सी. झालेला माणूस आहे आणि माझ्या हृदयात एक डाग आहे. बोलण्याचा अधिकार एवढाच. चूकभूल द्यावी घ्यावी, आणि माझ्या भाषणावरून कोणी आपली औषधं बदलू नयेत.

जुन्या सभासदांना २०१६ चा एप्रिल आठवत असेल. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, ते साल. आपल्या दोन्ही बोअरनी दम तोडला होता आणि एक दिवसाआड टँकर यायचा. मी तेव्हा सचिव होतो. वहीत खेपा लिहून घ्यायचं काम माझं. त्या सकाळी टँकरचा पाइप टाकीला लावत असताना छातीत एकदम पाखरू फडफडल्यासारखं झालं आणि पुढचं मला आठवत नाही. तुमच्यातल्या चौघांनी मला उचलून रिक्षात घातलं. त्यातले दोघं आज इथे बसलेत, एक जण आता मुलाकडे पुण्याला असतो आणि चौथे गेले. त्यांचं नाव घेतलं तर त्यांच्या घरच्यांना त्रास होईल, म्हणून घेत नाही. पण त्यांनी रिक्षात माझं डोकं मांडीवर घेतलं होतं, हे मला नंतर कळलं.

दवाखान्यात कळलं की ठोके मिनिटाला दोनशेच्या वर गेले होते. त्याला व्हेंट्रिक्युलर टॅकीकार्डिया म्हणतात, डॉक्टर मंडळी 'व्हीटी' म्हणतात. विजेचा झटका देऊन ठोके जाग्यावर आणले. आणि मग डॉक्टरांनी विचारलं, "काका, अटॅक कधी आला होता?"

आला होता. २०१२ साली. दिवाळीनंतरची रात्र, फराळाचं उरलेलं खाल्लं होतं, छातीत जळजळलं. मी सोडा प्यायलो, कुशीवर वळून झोपलो, पहाटे पुन्हा प्यायलो. दवाखान्यात पोचलो तेव्हा नऊ तास उलटले होते. बायको रात्रभर म्हणत होती की चला, आणि मी म्हणत होतो की ॲसिडिटी आहे. यात दोष कोणाचा ते उघड आहे.

त्या नऊ तासांत काय होतं ते सांगतो. हृदयाला रक्त पुरवणारी एक नळी बंद पडली की तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू उपाशी राहतो आणि काही तासांत मरतो. हाताला कापलं तर कातडी भरून येते. हृदयाचा स्नायू असा भरून येत नाही. मेलेल्या जागी वण तयार होतो, चिवट आणि पांढरा. तो आकुंचन पावत नाही, म्हणून पंपिंग कमी होतं. माझं तीस टक्क्यांवर आलं होतं. धडधाकट माणसाचं पंचावन्नच्या वर असतं. मंडळी विचारतात की तुमचं सत्तर टक्के हृदय बंद आहे का? तसं नाही. शंभर टक्के रक्त कोणाचंच हृदय एका ठोक्यात बाहेर टाकत नाही.

पंपिंग कमी होणं ही अर्धी गोष्ट झाली. दुसरी जास्त धोक्याची. हृदयात प्रत्येक ठोक्याला विजेची एक लाट वरून खाली जाते. दिवसाला एक लाखाच्या आसपास लाटा. मेलेल्या वणातून ती लाट जात नाही, त्याला वळसा घालते. पण वण म्हणजे सगळा दगड नसतो. त्याच्या कडेला आणि मधूनमधून काही जिवंत धागे उरलेले असतात. अर्धमेले म्हणा. त्यांतून लाट जाते, पण रेंगाळत. ती पलीकडे बाहेर पडेपर्यंत भोवतालचा स्नायू पुन्हा तयार झालेला असतो, मग ती त्याला परत पेटवते आणि गोल गोल फिरायला लागते. वसमत रोडवर एखादा ट्रक बंद पडला की बाजूच्या गल्लीतून गाड्या शिरतात, पुढे निघून परत मागच्या बाजूला येतात आणि सगळाच चौक अडतो, तसं काहीसं. अटॅक २०१२ चा, पण हा चक्काजाम झाला २०१६ ला. डाग चार वर्षं गप्प बसला होता.

तेव्हा प्रश्न असा: तो डाग नेमका कुठे आहे, केवढा आहे, आणि त्यातली ती चोरगल्ली कोणती?

सगळ्यात जुनं साधन ईसीजी. हॉलंडमध्ये लायडन इथे विल्यम आइंटहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते यंत्र व्यवहारात आणलं. तेव्हा त्याचं वजन पावणेतीनशे किलोच्या घरात होतं आणि रुग्णानं दोन हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचं. १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. आज आपल्या मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं हातात मावेल असं, मोबाइलवर ईसीजी पाठवणारं यंत्र केलंय. यंत्र लहान झालं, पण मूळ अडचण तीच राहिली. एका पेशीतला विजेचा चढउतार शंभर मिलिव्होल्टच्या आसपास असतो. फुप्फुसातली हवा, हाडं, चरबी यांतून कातडीपर्यंत येता येता त्यातला एखादा मिलिव्होल्ट उरतो. तोही एका पेशीचा नाही, सगळ्या हृदयाची मिळून झालेली बेरीज.

बेरीज म्हटलं की मी माझ्या घरी आलो.

बँकेत कॉम्प्युटर यायच्या आधीचे दिवस. संध्याकाळी लेजरच्या बेरजा जनरल लेजरशी जुळवायच्या. टॅली झाल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. समजा साडेचारशे रुपयांचा फरक आला. आता चूक कुठे? नव्या पोराला वाटायचं की सगळी व्हाउचरं पहिल्यापासून तपासू. आमचे हेडक्लार्क त्याला थांबवायचे. ते म्हणायचे, आधी फरकाला नऊनं भाग जातो का बघ. जातो? मग आकडे उलटे पडलेत. ७२० चे २७० झाले असतील. पण मित्रहो, ६१० चे १६० झाले तरी फरक साडेचारशेच. ८३० चे ३८० झाले तरी तेवढाच. आणि २२५ रुपये जमेऐवजी नावे पडले तरी फरक तितकाच येतो! म्हणजे चुका वेगवेगळ्या, पण बाहेरून दिसणारा फरक एकच.

गणितात याला उलट प्रश्न म्हणतात. चूक माहीत असेल तर फरक किती येईल ते कोणीही सांगेल, तो सुलटा प्रश्न. फरकावरून चूक शोधणं हा उलटा. आणि ईसीजीवरून डाग शोधणं हा अस्सल उलटा प्रश्न आहे. डाग माहीत असेल तर ईसीजी कसा येईल ते गणितानं काढता येतं. पण ईसीजी हातात असेल तर त्याला जुळणारे डाग बरेच निघतात. शिवाय मोजणीत केसभर चूक झाली तरी उत्तर मैलभर भरकटतं.

याहून वाईट प्रकार म्हणजे दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात. एकीकडे शंभर जास्त, दुसरीकडे शंभर कमी. टॅली जुळते, सगळे खुशीत घरी जातात. हृदयातही समोरासमोरच्या भिंतींना इजा झाली तर कातडीवर पोचेपर्यंत एकीचा परिणाम दुसरी झाकू शकते. "ईसीजी नॉर्मल आहे" हे ऐकून निर्धास्त होणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मग हेडक्लार्कना चूक कशी सापडायची? फरक पाहून ते क्षणभर डोळे मिटायचे. आज पगाराचा दिवस, सेव्हिंगच्या काउंटरवर कोण बसलं होतं, त्याचा सात आणि दोन एकसारखा निघतो, दुपारी गर्दी होती. मग सरळ जाऊन तिसरं लेजर काढायचे. म्हणजे फरकाला त्यांनी आपल्याकडच्या माहितीची जोड दिली. बाहेरचं मोजमाप आणि आतली जाणकारी, दोन्ही मिळून.

हृदयाचं संगणकीय मॉडेल म्हणजे तो हेडक्लार्क.

याची सुरुवात ऐकण्यासारखी आहे. १९६० च्या सुमारास लंडनमध्ये डेनिस नोबल नावाचा विशीतला विद्यार्थी होता. हृदयाच्या एका पेशीत वीज कशी चढते-उतरते याची समीकरणं त्याला सोडवायची होती. लंडन विद्यापीठात मर्क्युरी नावाचा एक मोठा संगणक होता, पण त्याच्यावर मोठ्या लोकांची रांग. या पोराला वेळ मिळाली पहाटे दोन ते चार. ती त्यानं घेतली. दोन ते चार संगणक, त्यानंतर खाटीकखान्यात जाऊन प्रयोगासाठी मेंढ्यांची हृदयं आणायची. १९६० साली 'नेचर'मध्ये त्याचं काम छापून आलं. एका पेशीचा ठोका पहिल्यांदा गणितानं दाखवला. आमच्या बँकेत कॉम्प्युटर नको म्हणून आम्ही गेटवर घोषणा देत होतो, मीही दिल्यात, तेव्हा ही गोष्ट वीस-पंचवीस वर्षांची जुनी झाली होती.

एका पेशीवरून अख्ख्या हृदयावर यायला मात्र वेळ लागला. आधी एमआरआय किंवा सीटी स्कॅनमधून त्या माणसाच्या हृदयाचा आकार घ्यायचा. त्याचे लाखो बारीक तुकडे पाडायचे, जाळं विणल्यासारखे. प्रत्येक तुकड्यात नोबलच्या वंशातली समीकरणं घालायची आणि शेजारच्या तुकड्याशी जोडायची. मग एका कोपऱ्यात टिचकी मारायची आणि लाट कशी पसरते ते बघायचं. याला प्रचंड मोठे संगणक लागतात. आपल्या पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ मध्ये परम ८००० बनवला, तशा जातीचे.

आता डाग शोधायच्या दोन वाटा. एक वाट कातडीकडून आत जाते. नेहमीच्या ईसीजीला दहा पट्ट्या लावतात. त्याऐवजी अडीचशे बिंदू असलेलं जाकीट छातीवर आणि पाठीवर चढवायचं. सीटीमधून छातीचा आणि हृदयाचा आकार घ्यायचा. मग संगणक उलटं गणित करून हृदयाच्या पृष्ठभागावर वीज कुठे कशी फिरते याचा नकाशा काढतो. अमेरिकेत योराम रूडी यांनी यात आयुष्य घातलं. माणसांवरचा त्यांचा शोधनिबंध २००४ चा. नॉर्वेत ऑस्लोजवळच्या सिम्युला या संशोधन संस्थेतले गणितज्ञही ईसीजी आणि मॉडेल यांची सांगड घालून रक्त न मिळणारा भाग कुठे ते काढायच्या मागे होते. पद्धत आमच्या हेडक्लार्कचीच. मॉडेलमध्ये एक डाग धरायचा, त्याचा ईसीजी काढायचा, खऱ्याशी ताडून पाहायचा, मग डाग थोडा सरकवायचा, पुन्हा ताडायचा. जुळेपर्यंत.

दुसरी वाट एमआरआयची. हाताच्या शिरेतून गॅडोलिनियम नावाच्या धातूचं औषध देतात. चांगल्या स्नायूतून ते लवकर धुऊन जातं, वणात रेंगाळतं. दहा-पंधरा मिनिटांनी चित्र काढलं की डाग पांढरा उजळलेला दिसतो आणि त्याच्या कडेचा अर्धमेला भाग करडा. (किडनी फार खराब असेल तर हे औषध जपून देतात, हे मध्येच सांगून ठेवतो, कारण आपल्यात तसे दोघं-तिघं आहेत.) इथे डाग दिसला, पण चोरगल्ली दिसली का? नाही. म्हणून अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात नतालिया ट्रायानोव्हा या मूळच्या बल्गेरियाच्या बाईंनी पुढचं पाऊल टाकलं. रुग्णाच्या एमआरआयवरून त्याचंच हृदय संगणकात उभं करायचं, पांढरा आणि करडा भाग जिथल्या तिथे ठेवायचा, आणि ठिकठिकाणी टिचक्या मारून बघायचं की लाट कुठे गोल फिरायला लागते. रुग्ण घरी वर्तमानपत्र वाचत बसलेला असतो आणि त्याच्या हृदयाला संगणकात चक्काजाम करून पाहतात!

२०१६ साली, म्हणजे मी टाकीखाली पडलो त्याच वर्षी, त्यांचा ४१ रुग्णांवरचा अभ्यास आला. सगळे माझ्यासारखे, जुना अटॅक आणि पंपिंग पस्तीसच्या खाली. संगणकातल्या हृदयात ज्यांचे ठोके बिघडले, त्यांना प्रत्यक्षात तसा धोका इतरांच्या चार-पाच पट निघाला. हा अभ्यास मागे वळून, जुन्या नोंदींवर केलेला होता आणि माणसं फक्त ४१. बँकेच्या भाषेत सांगायचं तर एका शाखेच्या आकड्यांवर अख्ख्या बँकेचं बॅलन्सशीट लिहिता येत नाही. तरीही वाचताना मला घाम फुटला.

का ते सांगतो. मला २०१६ मध्येच छातीत यंत्र बसवलं, आयसीडी. पेसमेकरचा थोरला भाऊ. ठोके बिघडले की ते आतूनच झटका देतं. २०१७ मध्ये नातीच्या गॅदरिंगला बसलो असताना त्यानं मला झटका दिला. घोड्यानं छातीत लाथ घालावी तसा. आठवड्यात तीन झाले. तिसऱ्यानंतर मी झोपायला घाबरायला लागलो. मग एका मोठ्या शहरात अ‍ॅब्लेशन केलं. मांडीतून बारीक तार हृदयात नेतात, एकेका जागेला टेकवून विजेचा नकाशा काढतात, चोरगल्ली सापडली की तिचं तोंड जाळून बंद करतात. माझं साडेपाच तास चाललं. एक गल्ली सापडली. दुसरी शोधायला ठोके मुद्दाम बिघडवावे लागतात, ते केलं तर माझा रक्तदाब कोसळायला लागला, म्हणून थांबावं लागलं. डॉक्टर चांगले होते. बाहेर येऊन त्यांनी माझ्या मुलाला सांगितलं, "एक राहिली असावी." हे 'असावी' मी आजवर बाळगून आहे.

त्या साडेपाच तासांतला बहुतेक वेळ शोधण्यात जातो, जाळण्यात नाही. आणि इथेच या मॉडेलांचा उपयोग. ट्रायानोव्हा यांच्या गटानं २०१८ मध्ये पाच रुग्णांत आधी संगणकावर जागा ठरवली आणि मग डॉक्टरांनी तिथे जाऊन जाळलं. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतल्याच सेंट लुईस इथे त्याहून धीट प्रयोग झाला. पाच रुग्ण, इतर सगळे उपाय थकलेले. रूडी यांच्या जाकिटानं चोरगल्ली शोधली आणि ती बंद केली कॅन्सरला वापरतात त्या रेडिएशननं. तार नाही, सुई नाही, सरासरी चौदा मिनिटं. आधीच्या तीन महिन्यांत त्या पाच जणांना मिळून ६,५७७ वेळा व्हीटी झाली होती. नंतर पहिले सहा आठवडे सोडले तर सगळ्यांचे मिळून ४६ महिन्यांत चार वेळा. पण त्या पाचांतले सगळ्यात वयस्कर रुग्ण तीन आठवड्यांत पक्षाघातानं वारले, हेही त्याच निबंधात लिहिलंय. मोबाइलवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये ते वाक्य गाळलेलं असतं.

आता मागच्या खुर्च्यांतून प्रश्न येईल की आपल्याकडे काय? 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणारे आपण. ही तपासणी आपल्या गावात दरपत्रकावर लिहिलेली मिळणार नाही. पण काम लांब आहे असंही नाही. मुंबईच्या टीसीएसनं अमेरिकेच्या मॅरेथॉनपटू डेस लिंडेन यांच्या हृदयाचं संगणकीय जुळं बनवलं. आणि ज्या फ्रेंच कंपनीचं ऑफिस पुण्यात आहे, त्या दासो सिस्टीम्सचा 'लिव्हिंग हार्ट' प्रकल्प २०१४ पासून आहे. तो सुरू करणारे स्टीव्ह लेव्हिन हे इंजिनिअर. त्यांची मुलगी जन्मतःच हृदयाची रचना उलटी घेऊन आली होती. विमान, मोटार बनवण्याआधी संगणकात तपासतात, मग माझ्या पोरीचं हृदय का नाही, असा त्या बापाचा प्रश्न.

माझा एक आक्षेप मात्र आहे. मॉडेल हे शेवटी मॉडेल. त्यात घातलेले बरेच आकडे सरासरी माणसाचे असतात, त्या माणसाचे मोजलेले नसतात. आणि छातीत आयसीडी असेल तर एमआरआयमध्ये त्याची सावली पडून नेमका हवा तो भाग झाकला जातो. म्हणजे ज्यांना गरज जास्त, त्यांचंच चित्र खराब. आमचे हेडक्लार्कसुद्धा कधीकधी ठामपणे चुकीचं लेजर काढायचे, आणि त्यांच्या ठामपणामुळे आमचा आणखी एक तास जायचा.

माझं नशीब असं की यंत्र बसवण्याआधी, २०१६ लाच, माझा गॅडोलिनियमचा एमआरआय झाला होता. म्हणजे सावली नसलेलं, स्वच्छ चित्र. मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवाळीला आला तेव्हा मी त्याला विचारलं, "त्या चित्रावरून माझं हृदय उभं करता येईल का रे? ती राहिलेली गल्ली दिसेल का?" तो म्हणाला, "बाबा, चित्र चांगलं असेल तर कोणीतरी करू शकेल. सीडी आहे का?" मी कपाटातून फाइल काढली. सीडी होती, कव्हरसकट, माझ्या अक्षरात तारीख घातलेली. मग घरातले तिन्ही लॅपटॉप झाले. एकालाही सीडी घालायची जागा नाही.

तर आपल्या सोसायटीत कोणाकडे जुना, सीडी चालणारा कॉम्प्युटर असेल, तर कार्यक्रमानंतर मला भेटा. मी इथेच पहिल्या रांगेत आहे.